फणी आणि लीख

बारामती म्हटली की मराठी वाचकास मोरोपंत आठवतात. इंदापूर म्हटले की मालोजीराजांची गढी डोळ्यांपुढे उभी राहते. ज्या गावी कऱ्हेच्या काठी राहून एका कवीने अवघे महाभारत आर्यांत बांधले, आणि ज्या गावी शिवछत्रपतींच्या आजोबांनी देह ठेवला, त्या प्रांताविषयी लिहावयास बसून ऊ हा विषय घ्यावा, हे कित्येकांस औचित्य सोडून वाटेल. परंतु इतिहास हा गढीत जसा असतो तसा तो न्हाणीघरातही असतो. आणि दुसऱ्या ठिकाणचा इतिहास लिहून ठेवणारे फारसे कोणी नसल्यामुळे तो विसरला जाऊन त्याच्या जागी नुसती लाज शिल्लक राहते. ही लाज आम्ही प्रत्यक्ष पाहिली, म्हणून हे चार शब्द.

गेल्या पौषात आम्ही बारामतीस एका आप्तांकडे काही दिवस राहिलो होतो. घरात सात वर्षांची मुलगी. एके दिवशी ती शाळेतून परत आली ती हातात एक चिठ्ठी घेऊनच. मुलीच्या डोक्यात उवा आहेत, डोके स्वच्छ होईपर्यंत तिला शाळेत पाठवू नये, एवढाच मजकूर. पण ती चिठ्ठी वाचून मुलीच्या आईचा चेहरा असा उतरला की जणू तिच्यावरच कसला आरोप शाबीत झाला होता. शेजारच्या काकू सहज म्हणून आल्या आणि म्हणाल्या, "अहो, ऊसतोड्यांची पोरे बसतात ना त्या वर्गात, आणखी दुसरे काय होणार!" मुलीच्या वडिलांनी तत्काळ निकाल दिला की न्हाव्याकडे नेऊन केस बारीक करून आणावेत. कोणीतरी रॉकेलची बाटली पुढे केली. मुलगी कोपऱ्यात उभी राहून आपली वेणी दोन्ही हातांनी घट्ट धरून होती.

या सगळ्या गडबडीत एकट्या आजी शांत होत्या. त्या माहेरच्या इंदापूरकडच्या. त्यांनी फळीवरून आपली जुनी फणेरपेटी काढली, तीतली दोन्ही बाजूंनी दातांची लाकडी फणी पुसली आणि सुनेस म्हणाल्या, "तू कशाला रडतेस गं? माझ्या डोक्यात झाल्या होत्या, तुझ्या सासऱ्यांच्या झाल्या होत्या. केसांना कात्री लावायची नाही. चार न्हाणी होऊ देत, बघ."

एकाच घरात, एकाच घटकेस, चार माणसांनी चार उपाय सुचवले. कात्री, रॉकेल, बहिष्कार आणि फणी. यांपैकी प्रत्येकाच्या मागे एक इतिहास आहे, आणि तो तपासून पाहिल्यावाचून कोणाचे बरोबर हे सांगता येणार नाही.

प्रथम त्या प्राण्याचीच कुळकथा. ऊ ही माणसास कोठून चिकटली, असे आपण विचारतो. खरे पाहता माणूस माणूस होण्याच्या आधीपासून ती त्याच्या सोबत आहे. चिंपांझीच्या अंगावरील ऊ आणि माणसाची ऊ यांचे गोत्र एकच असून, शास्त्रज्ञांच्या गणिताप्रमाणे त्यांची फारकत पन्नास-साठ लक्ष वर्षांपूर्वी, म्हणजे उभय यजमानांची फारकत झाली त्याच सुमारास झाली. ब्राझील देशात सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या मानवी केसांवर लिखा चिकटलेल्या सापडल्या आहेत. पॅलेस्टाईनच्या प्राचीन लाखीश नगराच्या उत्खननात एक लहानशी हस्तिदंती फणी मिळाली होती. तिच्यावरील पुसट अक्षरे 2022 साली उलगडली. या दाताने केसांतील व दाढीतील उवा नाहीशा होवोत, अशा आशयाची ती इच्छा आहे. वर्णमालेचा जन्म होऊन थोडाच काळ लोटला असता मनुष्याने त्या लिपीत लिहिलेले जे पहिले संपूर्ण वाक्य आजवर हाती आले आहे, ते ना देवाचे स्तोत्र, ना राजाची प्रशस्ती. ते फणीवरचे आहे. लाज वाटून घेणाऱ्या मातांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

आपल्या देशातही हा प्राणी ग्रंथबाह्य नव्हता. संस्कृतातील यूका प्राकृतात ऊआ झाली आणि मराठीत तिची एकाक्षरी ऊ उरली. लिक्षेची लीख झाली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लांबीची मापे देताना आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचा एक यव आणि आठ यवांचे एक अंगुळ असा हिशेब आहे. म्हणजे एका अंगुळात 64 यूका व 512 लिक्षा बसल्या. पाऊण इंचाच्या अंगुळास हे गणित लावले तर एक यूका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान ठरते. प्रत्यक्षात पूर्ण वाढलेली ऊ दोन-तीन मिलिमीटर लांब असते. तेव्हा मापकाराने उवेचे नाव घेतले, तिला पट्टी लावली नाही, हे उघड आहे. पण सूक्ष्मतेचे उदाहरण द्यावयाचे तर ते प्रत्येक वाचकाच्या परिचयाचे असले पाहिजे, या न्यायाने त्या काळी लीख कोणास अपरिचित नव्हती, एवढे मात्र सिद्ध होते. पंचतंत्रातील राजाच्या पलंगात राहणारी मंदविसर्पिणी नावाची ऊ आणि तिच्याकडे पाहुणा येऊन तिचा घात करणारा रक्तशोषक कीटक आपण लहानपणी वाचलेले आहेत. तेथेही ऊ राजाच्या शय्येत आहे, रंकाच्या गोधडीत नव्हे, हे विसरू नये.

चरकाने कृमींचे जे प्रकार केले त्यांत शरीराबाहेरच्या मळापासून होणाऱ्या कृमींत यूकेची गणना आहे, आणि त्यांवर सांगितलेला मुख्य उपाय म्हणजे ते ओढून काढणे व मळ दूर करणे. यातील पहिला भाग आजही अक्षरशः खरा आहे. दुसऱ्या भागाने मात्र पुढे पुष्कळ अनर्थ केला. मळापासून ऊ उत्पन्न होते, ही समजूत आपल्या देशापुरतीच नव्हती. युरोपातही ती शतकानुशतके नांदली. ऊ अंड्यातूनच होते आणि अंडे उवेच घालते, हे सतराव्या शतकात सूक्ष्मदर्शक यंत्र हाती आल्यावर स्पष्ट होत गेले. रॉबर्ट हूक याने 1665 साली आपल्या ग्रंथात उवेचे जे चित्र दिले ते इतके मोठे होते की घडी घालून पुस्तकात बसवावे लागले. त्या चित्रातील ऊ आपल्या नखीत माणसाचा एक केस धरून आहे. केस धुतलेला की न धुतलेला, हे तिला सारखेच. तिला हवे असते ते त्वचेखालचे रक्त, आणि ते स्वच्छ डोक्यातही असते.

उवेविषयी करुणेची पराकाष्ठा झाल्याची कथाही आपल्याकडे आहे. मेरुतुंगाच्या प्रबंधचिंतामणीत असे सांगितले आहे की गुजराथचा चालुक्य राजा कुमारपाल याने प्राणिहत्येस बंदी केली असता एका धनिकाने पत्नीच्या केसांतून निघालेली ऊ चिरडली. तेव्हा त्याचे सर्वस्व दंड म्हणून घेण्यात येऊन त्या द्रव्यातून पाटण येथे यूकाविहार नावाचे मंदिर बांधले गेले. कथा शब्दशः खरी मानावी की न मानावी, हा प्रश्न वेगळा. आम्हांस तीत एवढेच दिसते की धनवंताच्या पत्नीच्या केसांत ऊ असणे ही त्या ग्रंथकारास मुळीच नवलाची गोष्ट वाटली नव्हती.

आता महाराष्ट्राच्या घरात येऊ. जुन्या संसारातील फणेरपेटी ही नुसती नटण्याची पेटी नव्हे. आरसा, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी आणि फणी एवढे तीत असावयाचे. हीच फणी करंड्याबरोबर सौभाग्यवाणात दिली जाते, देवीपुढे ठेवली जाते. आणि हीच दुपारी ओट्यावर उन्हात बसून लेकीच्या डोक्यातून फिरवली जाते. पूर्वी गावोगाव भाकरतुकडा आटोपला की बायका एकीमागे एक अशा पायऱ्यांवर बसत, प्रत्येकीच्या हातात पुढचीचे डोके. तेथे उवा निघत, तशा सासरच्या गोष्टीही निघत. ज्या कामाची आज आपल्याला शरम वाटते, ते काम एके काळी मायेचे व विश्रांतीचे होते, याचा साक्षात्कार आम्हांस आजींच्या मांडीशी बसलेल्या त्या मुलीकडे पाहून झाला.

फणीच्या जोडीस औषधेही होती. कडुनिंबाचा पाला, करंजाचे तेल, आणि पुरंदरच्या बाजूस ज्यांचे मळेच्या मळे आहेत त्या सीताफळांच्या बियांची पूड. या शेवटच्या औषधास आपण अगदी पुराणकाळचे समजतो. पण सीताफळाचे मूळ गोत्र अमेरिकेतले, आणि पोर्तुगीजांच्या व्यापारमार्गाने ते आपल्याकडे रुजले, असे बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. तेव्हा आजीबाईचा बटवाही परदेशी मालास पारखा नव्हता. ही पूड उवा मारते यात संशय नाही. परंतु ती डोळ्यांत गेली तर बुबुळास गंभीर इजा होते, अशी प्रकरणे नेत्रवैद्यांनी नोंदवली आहेत. मुलांच्या बाबतीत तिच्या वाटेस न जावे हेच बरे. रॉकेलविषयी तर बोलावयास नको. चुलीपाशी बसणाऱ्या घरात ते केसांना चोळणे म्हणजे उवेच्या भयाने मुलीस आगीच्या शेजारी बसवणे होय.

आणि कात्री? मुलाचे डोके भादरणे आपल्याकडे कोणास खटकत नाही. मुलीच्या केसांना कात्री लावताना मात्र आजींसारख्यांच्या पोटात कालवते. आणि ती केवळ अंधश्रद्धा म्हणून हसून सोडण्यासारखी गोष्ट नव्हे. ज्या समाजात पतीच्या मागे स्त्रीचे केस बळाने उतरवले जात होते, त्या समाजात केस कापणे या क्रियेस कोणता अर्थ चिकटला असेल? या दुष्ट रूढीविरुद्ध सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1890 साली मुंबईच्या नाभिकांकडून विधवांच्या मस्तकास वस्तरा न लावण्याचा संप घडवून आणला. त्या गोष्टीस शंभराहून अधिक वर्षे लोटली, रूढी गेली. पण तिची सावली आजीच्या मनात आहे, आणि त्या सात वर्षांच्या मुलीने वेणी घट्ट धरली त्यातही तिचा अंश असेल. उवा घालवण्यास केस घालवावे लागत नाहीत. मग ही शिक्षा मुलीस का?

येथपर्यंत लाजेचा इतिहास झाला. भीतीचा इतिहास याहून निराळा आहे, आणि तो थेट बारामती-इंदापुराच्या मातीतून जातो.

आजचा बारामती तालुका ज्यात मोडत असे त्या भीमथडीस व शेजारच्या इंदापुरास सह्याद्रीने पाऊस अडवून नेहमीच कोरडे ठेवले. याच इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी 1836 साली जमिनीच्या साऱ्याची ती पद्धत बसवली, जी पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली. याच भीमथडीतील सुपे गावी 1875 च्या मे महिन्यात कर्जाने गांजलेल्या कुणब्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. आणि दुसऱ्याच वर्षी पावसाने पाठ फिरवली. 1876 ते 1878 चा तो दुष्काळ. गुरे गेली, बी-बियाणे गेले, माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडू लागली. मजुरी कमी केली तेव्हा हजारोंनी ती कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची कैफियत सरकारपुढे मांडली. कित्येक कुटुंबे अंगावरच्या वस्त्रानिशी मुंबईकडे निघाली.

1877 साली मुंबईत या उपाशी लोकांत एक विलक्षण ताप पसरला. पाच-सात दिवस चढावा, एकदम उतरावा, रोगी उठून बसावा, आणि आठवड्याने तोच ताप पुन्हा यावा. ग्रँट मेडिकल कॉलेजातील डॉक्टर हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी या रोग्यांच्या रक्तात मळसूत्रासारखा पिळदार जंतू पाहिला. बर्लिनच्या ओबरमायरने तो काही वर्षे आधी पाहिला होता. कार्टरसाहेबांनी 1882 साली या पश्चिम हिंदुस्थानातील तापावर ग्रंथ लिहिला आणि त्यास दुष्काळी ताप हेही नाव दिले. परंतु हा जंतू एका माणसातून दुसऱ्यात कसा जातो, हे त्यांस उमगले नव्हते.

ते कोडे सोडवण्याचा मानही महाराष्ट्राच्याच भूमीस मिळाला. नाशिक येथील एका मिशनच्या वस्तीत हाच ताप पसरला असता डॉक्टर एफ. पी. मॅकी यांनी एक साधी गोष्ट टिपली. मुलगे अधिक आजारी पडत होते, मुली कमी. आणि मुलग्यांच्या अंगावर उवाही अधिक होत्या. त्यांनी त्या उवा तपासल्या, त्यांच्या पोटात तोच जंतू आढळला, आणि 1907 साली त्यांनी तो निष्कर्ष प्रसिद्ध केला. पुढे हेच मॅकी मुंबईच्या त्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले, जिला 1925 साली हाफकिन यांचे नाव दिले गेले. दोनच वर्षांनी, 1909 साली, ट्यूनिस येथे शार्ल निकोल यांनी टायफस नामक सन्निपात ज्वरही उवेच्याच द्वारे पसरतो हे सिद्ध केले. रोग्यास आंघोळ घालून त्याचे कपडे काढून घेतले की इस्पितळात तो ताप कोणास होत नाही, या निरीक्षणावरून ते या शोधाकडे वळले. त्यास 1928 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु येथेच वाचकांनी क्षणभर थांबावे. मॅकी व निकोल यांची ऊ ही डोक्यातील ऊ नव्हे. ती अंगावरची, ती कपड्याच्या शिवणीत राहते, तेथेच अंडी घालते, आणि रक्त पिण्यापुरती त्वचेवर येते. दोघी दिसण्यात बहिणी, पण वागण्यात भिन्न. ज्याला बदलावयास दुसरे वस्त्र नाही, धुवावयास पाणी नाही, निजावयास जागा नाही, त्याच्याच अंगावर ती माजते; म्हणून ती दुष्काळात, तुरुंगात व रणांगणावर आढळते. पहिल्या महायुद्धात सर्बियामध्ये एक लाखाहून अधिक माणसे तिने आणलेल्या टायफसने मेली. डोक्यातील ऊ खाज आणते, खाजवून खाजवून डोक्यास फोड येतात, मुलाची झोप उडते. पण ती असले ज्वर पसरवीत असल्याचे व्यवहारात आढळत नाही. दुष्काळातील उवेची दुष्कीर्ती वर्गातील उवेच्या माथी आली, आणि दारिद्र्याची खूण म्हणून जी एकीस लागू होती ती दोघींस लागू झाली. शाळेच्या चिठ्ठीतील तो कडक सूर या घोटाळ्याचाच वारस आहे.

या भयाने माणसाने विषेही शोधली. पॉल म्युलर याने 1939 साली डी. डी. टी.चा कीटकनाशक गुण ओळखला. 1943-44 च्या हिवाळ्यात नेपल्स शहरात लक्षावधी लोकांच्या कपड्यांत ती पूड फुंकून टायफस आटोक्यात आणला गेला, आणि म्युलर यांस 1948 चे नोबेल पारितोषिक लाभले. उवेचा निकाल लागला असे जगास वाटले. पण कोरियाच्या युद्धात, 1951 च्या सुमारास, त्या पुडीस दाद न देणाऱ्या उवा दिसू लागल्या. त्यानंतर आलेल्या औषधांपैकी परमेथ्रिनचीही अनेक देशांत तीच गत झाली आहे. औषधे निरुपयोगी नव्हेत. वैद्याच्या सल्ल्याने ती जरूर वापरावीत. परंतु जिला सोकावलेली ऊ मिळत नाही अशी वस्तू एकच आहे, आणि ती म्हणजे फणी. दाताखाली सापडण्यास ऊ अजून शिकलेली नाही.

आजींचे न्हाण्याचे वार मंगळवार आणि शुक्रवार. त्या दिवशी मुलीचे केस धुवावयाचे, तेल लावावयाचे, ओल्या केसांच्या बटा पाडून मुळापासून टोकापर्यंत फणी ओढावयाची, दर वेळी ती पांढऱ्या फडक्यावर पुसून पाहावयाची. आम्ही हे पाहून चकित झालो, कारण आजचे वैद्यकही हेच सांगते. लीख फुटण्यास आठवडा-दहा दिवस लागतात. बाहेर पडलेले पिल्लू अंडी घालण्याजोगे होण्यास आणखी नऊ-दहा दिवस. मधल्या काळात दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी फणी फिरली तर जन्मलेली ऊ आई होण्यापूर्वीच निघते, आणि तीन आठवड्यांत वंश खुंटतो. केसाच्या मुळापासून बोटभर दूर असलेली लीख बहुधा रिकामे टरफल असते. तिच्यासाठी जीव टाकण्याचे कारण नाही. ऊ उडत नाही, उडी मारीत नाही. डोक्याला डोके लागले तरच ती जाते, आणि डोक्याबाहेर एक-दोन दिवसांत मरते. म्हणून घरातील सर्वांची डोकी पाहावीत; घर जाळीत सुटू नये. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेही उवांसाठी निरोगी मुलास शाळेबाहेर ठेवू नये असेच मत दिले आहे.

राहिला शेजारच्या काकूंचा शेरा. नीरेचा डावा कालवा आला, त्याच्या पाण्यावर ऊस आला, ऊस आला म्हणून कारखाने आले, आणि ते चालावेत म्हणून दर हंगामात बीडकडून कोरडवाहू गावची माणसे मुलाबाळांसह येथे येतात व पालांत राहतात. दीडशे वर्षांपूर्वी याच बारामती-इंदापूरची माणसे दुष्काळाने अशीच परमुलखी गेली होती, आणि तापाचा संशय त्यांच्याकडेच वळला होता. आज येथे पाणी आहे, म्हणून संशय घेण्याची पाळी आपली आली आहे, एवढाच फरक. त्या पोरांकडून आपल्या मुलीस ऊ आली की आपल्या मुलीकडून त्यांना गेली, हे कोण सांगणार? दोन डोकी एका पाटीवर वाकली होती एवढे खरे. आणि शाळा म्हणतात ती याचसाठी असते.

आठव्या दिवशी मुलगी शाळेत गेली. वेणी होती तशीच. तिसऱ्या आठवड्यात पांढरे फडके कोरे निघाले. निघण्याच्या आदल्या दुपारी आम्ही ओट्यावर आलो तेव्हा मुलगी पायरीवर बसली होती, मागे तिची आई आणि आईच्या मागे आजी. आजी सुनेचे केस पाहत होत्या. सुनेने संकोचून आमच्याकडे पाहिले. आजींनी फणी न थांबवताच म्हटले, "बसा की. तुमचंही डोकं बघते."

आम्ही बसलो.